चाक धरलंय? घण खाली ठेवा

पावसाळा सरला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. जूनमध्ये वायपर आणि ब्रेक, दिवाळीच्या तोंडावर गंज. यंदा पिकअपच्या अलॉय चाकांची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चाकांची, पत्रं जास्त आली. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्यांचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न : माझी डबल केबिन पिकअप आहे. खानापूर तालुक्यातून गोव्याला भाजी नेतो, येताना कधी मासळी आणतो. श्रावणात पहाटे कणकुंबीच्या पुढं मागचं डावं चाक पंक्चर झालं. सहाही नट निघाले, पण चाक जागचं हलेना. लाथा मारल्या, टॉमी घालून उचकटून बघितलं. शेवटी एका ट्रकवाल्यानं घण दिला. गाडीखाली सरकून आतून रिमवर घातला तेव्हा कुठं सुटलं. आता त्या रिममधून रात्रभरात हवा उतरते. भाजी उशिरा पोचली, व्यापाऱ्यानं दर पाडला तो वेगळाच. नट काढल्यावर चाकाला धरून ठेवणारं असतं तरी काय? आणि परत असं होऊ नये म्हणून काय करू?
— भाजी वाहतूकदार, खानापूर तालुका

उत्तर : दादा, आधी एक सांगतो आणि ते रागानं नाही, काळजीनं सांगतो. जॅकवर उभ्या गाडीखाली सरकून घण मारायचा नाही. चाक सुटतं ते धक्क्यानं, आणि त्याच धक्क्यानं जॅकही सरकतो. माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या हाताचं मधलं बोट असंच गेलं. जांबोटी रस्त्याला, चिखलात, चाक धरलं म्हणून दोघं मिळून ओढत होतो. चाक आलं आणि गाडीही आली. तेव्हापासून गाडीखाली घोडी, म्हणजे खालून आधार देणारा लोखंडी स्टँड, लावल्याशिवाय माझ्या गॅरेजात कुणी चाकाला हात लावत नाही. रस्त्यावर घोडी नसते, मान्य. मग निदान स्टेपनी आडवी करून चासीखाली सरकवा. जॅक सुटला तर गाडी त्यावर टेकेल, माणसावर नाही.

आता तुमचा प्रश्न. आमच्याकडे बैलहोंगलकडचा एक पोरगा कामाला आहे. असं चाक आलं की तो कन्नडमध्ये म्हणतो, "गाली हिडकोंडैती." आपण म्हणतो, चाक धरलंय. दोन्ही भाषांनी बरोबर नाव ठेवलंय. नटांचा यात काही संबंध नाही. चाक ज्याच्यावर नटांनी बसवतात तो भाग म्हणजे हब. हबच्या मधोमध एक उंच गोल कडं असतं, चाकाचं मधलं भोक त्याच्यावर बसतं. चाक मधोमध राहावं म्हणून ही बैठक मुद्दाम नेटकी ठेवलेली असते, मध्ये फट असते ती केसाएवढी. हब लोखंडाचा, चाक ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारं पाणी, की बॅटरीच्या सेलमध्ये होतं तेच इथं होतं. या जोडीत झिजतं ते ॲल्युमिनियम. झिजून त्याची पांढरी भुकटी होते, आणि ती भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते. हबचा गंजही फुगतो. केसाएवढ्या फटीत दोघं फुगले की चाक पाचर मारल्यासारखं बसतं.

घरातल्या बायकांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. ॲल्युमिनियमच्या डब्यात कुणी लोणचं भरून ठेवत नाही. मीठ आणि आंबट लागलं की डब्याला बारीक भोकं पडतात. एरवी ॲल्युमिनियम स्वतःवर एक पातळ थर धरून स्वतःला जपतं, मीठ तो थर फोडतं. तुमच्या गाडीत मीठ कुठून आलं ते तुम्हीच लिहिलंय. मासळीच्या क्रेटमधून वितळलेलं बर्फाचं पाणी हौद्याच्या फटीतून गळतं, आणि ते पडतं नेमकं मागच्या चाकांवर. त्यावर चोर्ला घाटातला पाऊस आणि खानापूरची तांबडी माती. ती माती चाकाच्या पाठीमागं लिंपण घातल्यासारखी बसते आणि ओल धरून ठेवते. मागचंच चाक धरलं, पुढचं नाही, यात मला नवल वाटत नाही.

रस्त्यात असं झालं तर काय करायचं ते क्रमानं सांगतो. चाक हलत नाही म्हटल्यावर सगळे नट परत बसवा, हातानं शेवटपर्यंत घ्या आणि मग प्रत्येक नट दोन फेरे सैल करा. सगळे. एकही नट काढून ठेवू नका, चाक सुटेल तेव्हा ते या नटांवरच अडकायचं आहे. बाकीच्या चाकांना पुढून मागून दगड लावा. मग जॅक हळू खाली सोडा. गाडीचं वजन त्या धरलेल्या चाकावर येऊ द्या. पुष्कळदा इथंच काम होतं. "ठक" असा एकच कोरडा आवाज येतो. तो आवाज एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. नाही आला, तर बाहेर उभं राहून हौद्याची कड धरा आणि गाडी डावी-उजवी झुलवा.

तेवढ्यानंही नाही झालं आणि जागा सपाट, मोकळी असेल तर दगड काढा, एकानं गाडीत बसावं, बाकीच्यांनी लांब व्हावं. चालत्या माणसाच्या वेगानं दोन-तीन फूट पुढं घ्या, ब्रेक मारा. मागं घ्या, ब्रेक मारा. चार-पाच वेळा. आवाज आला की थांबा, त्यापुढं एक फूटही नाही. हे उतारावर करायचं नाही. घाटात तर नाहीच. तुम्ही कणकुंबीच्या पुढं होता, तिथून रस्ता उतरायला लागतो. तिथं जॅक खाली सोडून गाडी झुलवणं एवढंच करायचं.

गॅरेजात किंवा घरच्या अंगणात वेळ हाताशी असतो. मधली टोपी काढून हब आणि चाक यांच्या सांध्यात पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे गंजलेल्या फटीत झिरपणारं पातळ तेल, मारा आणि रात्रभर सोडा. ब्रेकच्या डिस्कवर, ड्रममध्ये एक थेंबही जाता कामा नये. सकाळी गाडी घोडीवर घ्या, दोन नट चार आट्यांवर राहू द्या. लाकडाचा ओंडका आतल्या बाजूनं टायरला लावून त्या ओंडक्यावर हातोडा मारा. रबरावर, रिमवर नाही. एक ठोका वर, मग चाक अर्धं फिरवून पुन्हा एक. एकाच जागी मारत राहिलं की चाक तिरकं होतं आणि जास्तच आवळतं.

रिमवर घण का नको, हे तुमच्या गाडीनंच तुम्हाला दाखवलंय. लोखंडी रिम चेपली तर ठोकून सरळ होते. अलॉय ओतीव असतं, ते पुष्कळदा वाकण्याआधी तडकतं. ट्यूबलेस टायरची कड जिथं बसते तिथं नखाएवढा चेपा पडला तरी हवा धरत नाही. तुमची रिम टायर उतरवून, आतली कड घासून, उजेडात धरून बघा. नुसता चेपा असेल तर जाणकाराकडून दुरुस्त होतो. बारीक चीर दिसली तर ती रिम भंगारात घाला. वेल्डिंग करून देतो म्हणणारे उद्यमबागेतल्या कारखान्यांतही भेटतील, बेळगावात ओतकामाची जाण असलेली माणसं पुष्कळ आहेत. पण घाटात भाजीचं ओझं घेऊन चालणाऱ्या गाडीला वेल्डिंग केलेलं अलॉय मी बसवणार नाही.

आणि परत होऊ नये म्हणून? चाक उतरवत राहा, दुसरं काही नाही. दोन-तीन वर्षं जे चाक कुणी उतरवलेलंच नाही तेच धरतं. आपल्याकडे दोन मुहूर्त ठरवून टाका: एकदा मृगाच्या आधी आणि एकदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. खंडेनवमीला आपण गाडी धुतो, हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. त्याच्या आदल्या दिवशी चारही चाकं खाली घ्या. हबवरचा गंज वायर ब्रशनं काढा. चाकाच्या भोकाला मात्र वायर ब्रश जोरानं लावू नका, भांडी घासायची हिरवी घासणी पुरते. पहिल्यांदा उघडाल तेव्हा भोकाच्या आतल्या कडेला भस्माच्या रंगाचं कडं दिसेल. नखानं खरवडलं की पापुद्र्यासारखं निघतं आणि बोटावर राखेसारखं पसरतं. एवढ्याशा भुकटीनं तुमचे दोन तास खाल्ले.

स्वच्छ, कोरडं झालं की हबच्या मधल्या कड्यावर, फक्त त्या कड्यावर, अँटीसीझ पेस्ट, म्हणजे धातू एकमेकांना धरू नये म्हणून लावायची पेस्ट, लावा. किती? करंगळीच्या नखावर मावेल एवढी, बोटानं पुसत पुसत कडंभर पसरायची. धातू खालून दिसत राहिला पाहिजे. तांब्याच्या भुकटीची पेस्ट मी अलॉयला लावत नाही, तांबं ॲल्युमिनियमला लोखंडाहूनही जास्त खातं. सिरॅमिकची मागून घ्या. नाहीच मिळाली तर बेअरिंगचं चांगलं ग्रीस, तेवढंच थोडं.

मासळीची फेरी झाली की त्याच दिवशी चाकांच्या आतल्या बाजूनं गोडं पाणी मारा. आणि स्टेपनीही खाली सोडून बघा. पिकअपला ती चासीखाली साखळीवर टांगलेली असते आणि सगळ्यात जास्त चिखल तीच खाते. चाक निघालं आणि स्टेपनी उतरेना, अशी गाडी ओढून आणलेली मी पाहिली आहे.

प्रश्न : आमची पिकअप मिस्टर चालवतात, पण ते परगावी असले की शेतावर मीच नेते. गेल्या महिन्यात पंक्चर झालं तेव्हा माझ्याकडून एकही नट हलला नाही. पान्यावर उभी राहिले तरी नाही. बाईमाणसाचं हे काम नाही, असं सगळे म्हणाले. खरंच तसं आहे का?
— शिक्षिका, अथणी तालुका

उत्तर : ताई, अजिबात तसं नाही. तुमचे नट आवळणाऱ्यानं चूक केली आहे.

हिशेब करून दाखवतो. अशा पिकअपचे नट साधारण ११० न्यूटन-मीटरच्या (हे आवळण्याच्या जोराचं माप) आसपास आवळायचे असतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात आहे, तोच धरा. दीड फुटाच्या पान्याच्या टोकाला २५ किलोचा भार दिला की ११० होतात. २५ किलो म्हणजे सिमेंटचं अर्धं पोतं. तुम्ही पान्यावर उभ्या राहिलात, म्हणजे ५०-५५ किलोचा भार दिलात, तरी नट हलला नाही. याचा अर्थ तो दुपटीनं आवळलेला होता. टायरच्या दुकानात नट आवळायला हवेच्या दाबावर चालणारी बंदूक लावतात आणि ती थांबेपर्यंत दाबून धरतात. त्यानं स्टड, म्हणजे नट ज्याच्यावर फिरतो तो आट्यांचा दांडा, ताणला जातो, आटे खराब होतात. एखाद्या दिवशी स्टड तुटून हातात येतो.

पुढच्या वेळी चाक बसवताना तिथं उभ्या राहा आणि सांगा, बंदुकीनं नट फक्त टेकवायचे, शेवटचं आवळणं टॉर्क पान्यानं (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानं), समोरासमोरचे नट आलटून पालटून. त्यांच्याकडे टॉर्क पाना नसेल तर साध्या पान्यानं, एका माणसाच्या हाताच्या जोरानं, पाय न देता. आणि ५०-१०० किलोमीटर चालल्यावर परत एकदा तपासायचं.

घरी सराव करा. गाडी अंगणात सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला. चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट पाव फेरा सैल करायचा, मग जॅक. पुष्कळ जण आधी जॅक लावतात आणि मग अधांतरी गाडीवर जोर देतात, ते धोक्याचं. पाना लहान असेल तर त्यावर दोन-अडीच फुटांचा पाईप चढवा. उघडायला पाईप चालतो, आवळायला नाही. नट सैल झाल्यावर चाक हबला धरलेलं निघालं, तर वर खानापूरच्या दादांना सांगितलेलं पहिलं काम करायचं: नट दोन फेरे सैल आणि जॅक खाली. त्याला ताकद लागतच नाही, गाडीचं वजनच ते काम करतं.

प्रश्न : खताचं दुकान आहे, पिकअप रोज खताच्या पोत्यांनी भरलेली असते. मागची दोन्ही अलॉय चाकं धरली होती. मेकॅनिकनं ती काढली आणि पुन्हा धरू नयेत म्हणून हबच्या तोंडावर, स्टडवर, सगळीकडे भरपूर ग्रीस थापलं. आता ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. ग्रीसचा संबंध असेल का?
— खतविक्रेते, निपाणी

उत्तर : असेल. गाडी भरून रस्त्यावर काढण्याआधी बघून घ्या. चाक फिरताना तापतं, ग्रीस पातळ होतं आणि बाहेर फेकलं जातं. ते ब्रेकवर गेलं की त्या बाजूचा ब्रेक धरत नाही आणि गाडी दुसरीकडे ओढते. डिस्क किंवा ड्रम ब्रेक क्लीनरनं धुवा. पॅडनं, लायनिंगनं ग्रीस पिऊन घेतलं असेल तर ते धुऊन उपयोग नाही, दोन्ही बाजूंचे नवे घाला.

स्टडवरचं ग्रीसही पुसून काढा. हे फार कमी लोकांना पटतं, म्हणून कारण सांगतो. नट आवळताना जो जोर लागतो त्यातला बराचसा आट्यांच्या घर्षणात जातो आणि थोडाच स्टड ताणायला उरतो. आटे बुळबुळीत केले की तोच जोर स्टडला कितीतरी जास्त ताणतो. पान्याचा आकडा बरोबर दिसतो आणि स्टड मात्र हद्दीबाहेर गेलेला असतो. आटे कोरडे आणि स्वच्छ ठेवा. हब आणि चाक जिथं सपाट एकमेकांना टेकतात तिथंही थर नको. पेस्ट फक्त मधल्या कड्यावर.

बाकी तुमची चाकं धरली ती खतामुळंच. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, खाण्याच्या मिठाचा सख्खा भाऊ. फाटक्या पोत्यातून सांडलेलं खत हौद्यातून खाली झिरपतं आणि मागच्या चाकांवर जातं. हौदा आधी कोरडा झाडा, मग पाण्यानं धुवा. नुसतं पाणी मारलं तर तेच खत विरघळून चाकात उतरतं. तुमच्या गाडीला वर्षातून दोनदा पुरणार नाही, दर तीन महिन्यांनी चाकं उतरवा.

प्रश्न : चाक सुटत नाही तेव्हा गॅसची फ्लेम मारून गरम केलं तर सुटतं म्हणतात. मारावी का?
— ऊस वाहतूकदार, गोकाक

उत्तर : फ्लेम मारू नका. गरम करण्याची कल्पना मात्र खरी आहे, आणि ती आपल्याकडची जुनीच आहे.

माझे वडील लोहार. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायचं काम मी लहानपणी रोज पाहिलं. लोखंडाची धाव लाकडी चाकापेक्षा जराशी लहानच करायची. ती शेणींच्या जाळात लालबुंद होईपर्यंत ठेवायची, दोघांनी सांडशीनं उचलून चाकावर टाकायची आणि लगेच पाणी मारायचं. वाफेचा लोट उठायचा, लाकूड कुरकुरायचं आणि आरे आपापल्या जागी घट्ट व्हायचे. तापलं की धातू फुगतो, गार झाला की आवळतो. चाक काढताना हेच उलटं करायचं.

लोखंड तापून जेवढं वाढतं त्याच्या जवळजवळ दुप्पट ॲल्युमिनियम वाढतं. समजा चाकाचं मधलं भोक १०० मिलिमीटरचं आहे. चाक ६० अंशांनी तापवलं तर ते भोक सुमारे ०.१४ मिलिमीटरनं मोठं होतं, वहीच्या पानाच्या जाडीपेक्षा जरा जास्त. धरलेल्या चाकाला तेवढं पुरतं, आणि तेवढं तापवायला उकळतं पाणी बस्स आहे. दोन-तीन किटल्या पाणी चाकाच्या मध्यभागी, नटांच्या भोवती, फडकं गुंडाळून त्यावर ओता. चाक तापेल, आतला हब अजून गार असेल. त्याच मिनिटाला ओंडका लावून ठोका. थांबलात की हबही तापतो आणि हातचं जातं.

फ्लेमला उकळत्या पाण्यासारखी १०० अंशांची मर्यादा नाही. अलॉय कारखान्यात ठरावीक उष्णता देऊन कडक केलेलं असतं. फ्लेमनं ते एका जागी मऊ पडतं आणि डोळ्यांना काहीही दिसत नाही. शेजारी बेअरिंगचं ग्रीस आणि रबरी सील आहे, ते जळतं. आणि हवा भरलेल्या टायरशेजारी जाळ धरला तर टायर फुटून माणसं दगावतात. ट्रकच्या चाकांत असं घडलेलं आहे. तुमच्या वस्तीवर चहाची किटली असेल, ती वापरा.

प्रश्न : मालवाहू पिकअपची लोखंडी चाकं काढून बाहेरून अलॉय बसवली. साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. ही चाकं धरतील का?
— दूध संकलक, चिकोडी

उत्तर : बाहेरच्या अलॉयचं मधलं भोक पुष्कळदा हबपेक्षा मोठं असतं, म्हणून चाक मधोमध बसत नाही आणि थरथरतं. भोक आणि हबचं कडं व्हर्नियरनं मोजा आणि मधल्या फरकाचं रिंग बसवा. रिंग प्लॅस्टिकचं घेतलंत तर दोन धातू टेकणारच नाहीत, मग मधे चाक धरायचा प्रश्न मिटतो. सपाट तोंडावर मात्र लोखंड आणि ॲल्युमिनियम टेकतंच, तिथं साफसफाई चुकत नाही. नट जुनेच वापरत असाल तर त्यांचं तोंड नव्या चाकाच्या खाचेशी जुळतं का तेही तपासा. निमुळत्या खाचेत सपाट तोंडाचा नट बसवला असेल तर तो कितीही आवळा, सैल होणारच. तसं आढळलं तर दूध दुसऱ्या गाडीनं पाठवा आणि ही गाडी नट बदलेपर्यंत दारात उभी ठेवा.